दिव्यांचे पाठभेद

मोटारगाडी हा आमच्या लेखणीचा विषय नव्हे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाने वीस वर्षे पाठचिकित्सेचा पेपर शिकवला, दुसऱ्याने साहित्यशास्त्राचा. गाडी आम्ही २०१४ साली वेतनाच्या थकबाकीतून घेतली आणि तिच्याविषयी आमचे ज्ञान डिझेल कोणत्या बाजूने भरतात एवढ्यापाशी येऊन थांबले होते. तरीही हा लेख गाडीविषयीच आहे, आणि तोही तिच्या विजेच्या दोषाविषयी. ज्यांना या प्रकाराचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे जावे. मात्र जे संहिता वाचण्याचा आणि वाचायला शिकवण्याचा व्यवसाय करतात त्यांना आमची फजिती ऐकण्यात थोडा रस वाटेल, अशी आशा आहे.

चालकासमोरच्या पट्टीवरील दिव्यांना स्वतःची एक भाषा असते. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे नुसती माहिती. किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात आणि एकेक करून विझतात. ही त्यांची हजेरी. आमच्या गाडीत २०२२ सालच्या जून महिन्यापासून ही हजेरी संपल्यावरही काही दिवे मधूनच परत येऊ लागले. कधी ब्रेकच्या एबीएसचा, कधी स्टिअरिंगचा, कधी एअरबॅगचा, आणि कधी तिन्ही एकदम. त्याच वेळी वेगाचा काटा शून्यावर कोसळे, गाडी मात्र साठच्या वेगाने सुखाने चालत असे. बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक दिवे नाहीसे होत. जो एखादा रेंगाळे त्याला आम्ही फोनवरून पुसत असू. त्यासाठी बाजारात काडेपेटीएवढे एक उपकरण मिळते; ते स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत बसवले की फोनवर कोड दिसतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने नष्टही होतो. अमेरिकेत १९९६ सालापासून आणि आपल्याकडे २०१३ पासून नव्या गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची आहे. कोडबरोबर दोष घडला त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, वेग, तापमान असे एक टिपणही गाडी बऱ्याचदा जपून ठेवते. कोड पुसला की ते टिपणही जाते. हे आम्हांला नंतर कळले. एखाद्या लेखनिकाने न समजलेला शब्द सोपा करून लिहावा आणि मूळ पोथी बंबात घालावी, तसे काम आम्ही दर पंधरवड्याला करत होतो. आणि वर्गात मात्र कठीण पाठच बहुधा मूळचा असतो, तो सोपा करू नये, असे सांगत होतो.

पुसण्याला एक कारण होते. आई.

ती आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. हाक दोघांची सारखीच, फरक एवढाच की एकजण तिला तू म्हणतो आणि एकजण तुम्ही. ती रत्नागिरीला जुन्या घरात एकटी राहते. त्या वर्षी ती एक्याऐंशी वर्षांची होती. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला वयोमानाने होणारा विकार जडलेला, उजव्याचा अधिक. पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, झिरपतात, आणि दृष्टीचा नेमका मध्यभाग जातो. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि ते ठरलेल्या अंतराने घ्यावे लागते. चुकवले तर जे जाते ते सहसा परत येत नाही. तिचे उपचार कोल्हापुरात सुरू होते. महिन्यातून एकदा आम्ही रत्नागिरीस जाऊन तिला आंबा घाटाने वर आणत असू आणि चार दिवसांनी परत पोहोचवत असू. भाड्याच्या गाडीत ती बसत नाही, एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत. तिने ते दिवे पाहून घाबरू नये म्हणून रत्नागिरीच्या वेशीवर गाडी थांबवून आम्ही ते पुसत असू. आमच्या लेखी हा प्रेमाचा व्यवहार होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती व्हायची ती गोष्ट झाली. रत्नागिरीहून निघायला संध्याकाळ झाली. साखरपा सोडले तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस असा की वायपर चालू आहे की नाही हे पाहावे लागे. काचेवर आतून धुके धरू लागले म्हणून आम्ही पंखा चारवर केला. मागून आई म्हणाली, "तो पंखा कमी करा गो, वारा लागतो." काच दिसत नाही, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. घाटातल्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर तिन्ही दिवे लागले, वेगाचा काटा पडला, आणि ब्रेक गेले या समजुतीने आम्ही गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन बंद केली. ब्रेक गेलेले नव्हते. काहीच गेलेले नव्हते. आम्ही गाडी बंद केली नसती तर ती आम्हांला मुकाट्याने कोल्हापूरला घेऊन आली असती. परंतु बंद केली, आणि पुन्हा सुरू होईना. किल्लीचे चित्र लुकलुकत राहिले. सेल्फ मारला की इंजिन एक उचकी देई आणि गप्प होई. फोनला रेंज नव्हती. एक एसटी थांबली, कंडक्टरने भिजत येऊन चौकशी केली, पण आईला त्या उंच पायऱ्या चढवणे शक्य नव्हते. बॅटरी वाचवावी म्हणून आम्ही दिवे, पंखा, सगळे बंद केले आणि धोक्याचे इशारेदिवे तेवढे ठेवून अंधारात बसलो. तासाभराने किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. काच पदराने पुसत, खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवून, आम्ही मलकापूर गाठले. आई पार गारठली होती. पण दिवे एकदाही लागले नाहीत.

साहित्यशास्त्रात कारक हेतू आणि ज्ञापक हेतू असा भेद करतात. आग धुराला जन्म देते. धूर आगीचे ज्ञान देतो. डोंगरावर धूर दिसला की आग आहे असे म्हणता येते, कारण जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती आपण स्वयंपाकघरात हजारदा पाहिलेली असते. आमचा अनुमानाचा घोडा असा धावला: सगळे बंद केले, तासभर विश्रांती दिली, गाडी सुरू झाली, ज्याअर्थी विश्रांतीने बरी झाली त्याअर्थी बॅटरी दमली होती. हेतूही दिसतो, साध्यही दिसते. व्याप्तीचा तेवढा पत्ता नाही. 'सगळे बंद केले' या तीन शब्दांत चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांतल्या कोणत्या एकीने काम केले हे आम्ही विचारलेच नाही. नवी बॅटरी ६,१०० रुपयांना आली. आठ दिवसांनी दिवेही परत आले.

मग गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरात गेली. तिथल्या मंडळींविषयी आम्हांला तक्रार करायची नाही. त्यांनी त्यांच्या यंत्रावर कोड काढले, एबीएसचे नाव दिसले म्हणून डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर बदलला, ४,२०० रुपये घेतले, आणि दोष पुन्हा उद्भवल्यावर एबीएसचा सबंध संच बदलावा लागेल असे सांगून ३८,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती दिले. सोबत सगळ्या कोडांचा छापील कागदही दिला. तो कागद आम्ही घडी घालून गाडीच्या खणात ठेवला. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

घाटातल्या रात्रीनंतर आईला परत पोहोचवताना ती जे बोलली तेही इथे नोंदवले पाहिजे. पावनखिंडीचा फाटा मागे पडल्यावर दिवे लागले, तिला वारा लागतो म्हणून आम्ही पंखा कमी केला, काटा उठला. तेव्हा ती मागच्या आसनावरून स्वच्छ शब्दांत म्हणाली, "पंखा वाढवलात की ते दिवे लागतात. मी मघापासून बघत्येय."

आम्ही दोघेही हसलो. पंख्याचा आणि ब्रेकचा काय संबंध, असे एकाने म्हटले. दुसऱ्याने काकतालीय न्याय सांगितला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आई गप्प झाली. ती रोज ज्ञानेश्वरी वाचणारी बाई, हा न्याय तिला आम्ही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ऑगस्टात ती येत नाही म्हणाली. गौरी-गणपती तोंडावर आहेत, घर सोडवत नाही. सप्टेंबरात म्हणाली, पाऊस ओसरू दे. आणि तुमच्या गाडीचे बघा आधी, डोळ्यांचे काय, बरे दिसते मला. तिच्या 'बरे दिसते' या विधानाला आम्ही वाच्यार्थाने घेतले. खरे सांगायचे तर ते आमच्या सोयीचे होते. गाडी बेभरवशाची, परीक्षा चालू, आणि आणखी कुणाला गळ घालून तिला आणण्याचा उपद्व्याप टळत होता. व्यंजना शिकवणारा माणूस सोयीच्या वेळी किती पटकन अभिधेवर येऊन थांबतो, याचा हा नमुना.

ऑक्टोबरात आम्ही एसटीने रत्नागिरीला गेलो. तिच्या देवघराच्या भिंतीवर डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद चिकटवलेला असतो. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. भोवतालच्या रेषा वाकड्या, तुटक दिसल्या की ताबडतोब कळवायचे, अशी ती रीत. त्या कागदावर पेन्सिलीने खुणा होत्या. जिथे रेषा वाकते तिथे तिने बारीक फुली केली होती आणि कडेला तिथी लिहिली होती: श्रावण वद्य अमुक, भाद्रपद शुद्ध तमुक. फुल्या मध्याकडे सरकत गेल्या होत्या. अश्विनातली अक्षरे कागदाच्या रेघेवरून खाली उतरली होती. तिने काहीच पुसले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीने तिला कोल्हापुरास आणले. तेवढ्यासाठी ती परक्या गाडीत बसली. डाव्या डोळ्याचे निभावले. उजव्याचे त्या दोन महिन्यांत जे गेले ते गेलेच.

गाडी दुरुस्त होण्याची हकीगत आता सांगायला हरकत नाही. उद्यमनगरात एक वायरमन आहे. वायरमन म्हणजे घरच्या विजेचा नव्हे, गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा. एका सहकाऱ्याने त्याचे नाव सुचवले. पत्र्याच्या शेडमध्ये तीन गाड्यांच्या आतड्यांमध्ये तो बसलेला. आम्ही त्याला सगळा इतिहास सांगितला. तो म्हणाला, "सर, कागद हाय का कोडचा?" आम्ही खणातून ती घडी काढून दिली. त्याने ती बॉनेटवर पसरली आणि बोट फिरवत वाचू लागला. तो ज्या रीतीने वाचत होता ती रीत आम्ही ओळखली, म्हणून जरा पुढे सरकलो.

इथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. आजच्या गाडीत ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंजिन आणि समोरचे मीटर यांना प्रत्येकी स्वतःचा एक छोटा संगणक असतो, आणि ही सगळी मंडळी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून आपसांत बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे ठेवली. एकजण बोलतो ते सगळ्यांना ऐकू जाते. दोघांनी एकाच वेळी तोंड उघडले तर ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान तो बोलत राहतो, दुसरा तत्क्षणी थांबतो आणि पहिल्याचे संपल्यावर पुन्हा सुरुवात करतो; कुणाचा शब्द वाया जात नाही. आमच्या विभागाच्या बैठकीस ही पद्धत कधी लागू होईल असे वाटत नाही. असो. या संभाषणात कुणी बराच वेळ गप्प राहिला तर इतर जण त्याच्या नावाने नोंद करतात. अशा नोंदींची सुरुवात यू या अक्षराने होते. यू-०१२१ म्हणजे एबीएस बोलत नाही. यू-०१३१ म्हणजे स्टिअरिंग बोलत नाही. यू-०१५१ म्हणजे एअरबॅग बोलत नाही. आमच्या कागदावर हे तिन्ही होते, आणि सर्व्हिस सेंटरने त्यांतला पहिला धरून एबीएसला आरोपी ठरवले होते.

वायरमनने विचारले, "ही तीन तक्रारी कुणी लिवल्यात, बघितलं का?" आम्ही पाहिले नव्हते. तिन्ही मीटरने लिहिल्या होत्या. कागदाच्या दुसऱ्या पानावर एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या स्वतःच्या नोंदी होत्या. तिघांकडे एकच कोड, यू-०१५५. म्हणजे मीटर बोलत नाही.

"मीटर म्हणतंय, ह्ये तिघं गप्प हाईत," तो म्हणाला. "आणि तिघं एकमेकाबद्दल कायच म्हणत न्हाईत. तिघांचं म्हणणं एकच, मीटर गप्प हाय. आता सांगा मॅडम, गप्प कोण हाय?"

आमची स्थिती काय झाली असेल याची कल्पना पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना यावी. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ मध्ये सुकथनकरांनी ते हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखितांच्या त्या उद्योगाच्या कथा आम्ही दरवर्षी रंगवून सांगतो. त्यातले पहिले पाऊल हेच असते की कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे हे लिहून काढा. पाठ चांगला की वाईट हे नंतर. आणि दुसरे हे की शुद्ध पाठ अनेक पोथ्यांत सारखा असला तर त्यावरून त्यांचे नाते ठरत नाही. चूक सारखी असली तर ठरते. तीन पोथ्यांत एकच प्रमाद आढळला तर तीन लेखनिक स्वतंत्रपणे चुकले असे कुणी म्हणत नाही, त्या तिघांच्या वर कुठेतरी एक बिघडलेली मातृका आहे असे म्हणतात. तीन दिवे एकदम लागतात म्हणजे तीन अवयव एकदम बिघडले असे मानणे ही परीक्षेत नापास करण्याजोगी चूक होती, आणि ती आम्ही केली होती. शिवाय ज्याच्या सांगण्यावरून आम्ही ब्रेक गेले असे मानले, तो निवेदकच बहिरा होता. त्याला कुणाचे ऐकू येत नव्हते, म्हणून त्याने सगळ्यांच्या नावाने दिवे लावले. किल्लीची खूण तपासून इंजिनाला परवानगी देण्याचे कामही आमच्या गाडीत मीटरकडेच आहे. ती परवानगी इंजिनापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून घाटात गाडी सुरू होईना.

मीटर का बहिरे झाले, हे शोधायला त्याला वीस मिनिटे लागली. मीटरची अर्थची वायर त्याने तपासली. सर्व्हिस सेंटरनेही ती तपासली होती. मल्टिमीटरची पिपाणी वाजली म्हणजे वायर शाबूत. त्यावर तो हसला. पिपाणी वाजायला नखभर करंट पुरतो, म्हणाला. काम करताना ती वायर काय करते ते बघायचे. त्याने मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी मीटरच्या अर्थला लावली. गाडी चालू, पंखा बंद: व्होल्ट जवळजवळ शून्य. मग त्याने आत हात घालून पंखा एकेक घर वाढवत नेला. चारवर आकडा सव्वादोन व्होल्टांवर गेला, तिन्ही दिवे लागले आणि काटा पडला.

गणित अगदी शाळेतले आहे. पंख्याची आणि मीटरची अर्थ एकाच बोल्टवर बांधलेली होती. त्या सांध्यात गंजामुळे फार तर ०.१५ ओहमचा अडथळा, पंखा चारवर साधारण १५ अँपिअर ओढतो, गुणाकार २.२५ व्होल्ट. पंखा बंद असताना हा अडथळा असून नसल्यासारखा. पंखा जोरात चालला की मीटरच्या पायाखालची जमीन सव्वादोन व्होल्टांनी वर उचलली जाते, आणि संभाषणातल्या खुणा दोन-तीन व्होल्टांच्याच फरकाने केलेल्या असल्याने मीटरला कुणाचेच बोलणे नीट कळत नाही. पावसात काच धुकटते, म्हणून पंखा वाढतो, म्हणून दिवे लागतात. आम्ही आपले पावसावर ठपका ठेवून मोकळे.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. शेवटी एकजण म्हणाला, "आईने सांगितलं होतं."

वायरमनला वाटले आम्ही देवीविषयी बोलतो आहोत. त्याने नमस्कारासाठी हात छातीला लावला.

तो बोल्ट डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेशेजारच्या झाकणामागे होता. झाकण काढले तर आत हिरवे. तांब्याच्या वायरीच्या थिंबलवर पिस्त्यासारखी साय चढलेली. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवले की कळकते, तो हा रंग. चटई उचलली तर खाली ओल. मग त्याने वायपरच्या खालची जाळी उघडली. काचेवरून ओघळणारे पाणी तिथल्या पन्हळीत पडून दोन्ही बाजूंच्या भोकांतून बाहेर जायचे असते. डाव्या बाजूचे भोक गच्च बुजले होते, म्हणून पाणी साठून पंख्याच्या हवेच्या वाटेने आत उतरत होते. त्याने काळ्या लगद्याच्या चार मुठी काढून जमिनीवर टाकल्या. तळाशी कुजलेली पाने. वरच्या थरात वाळलेली, भुरी, कातरल्या कडांची फुले.

बकुळीची. रत्नागिरीच्या अंगणात गाडी आम्ही नेहमी तिच्याखाली लावतो, सावली असते.

बकुळीवर मराठीत जे ललित लेखन झाले आहे त्याची आम्हांला अनेक वर्षे धास्ती आहे, आणि त्यात भर घालण्याची मुळीच इच्छा नाही. तो लगदा घाण मारत होता एवढेच नमूद करतो.

वायरमनने बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, नवे थिंबल बसवले, मीटरची अर्थ पंख्यापासून तोडून वेगळ्या बोल्टवर नेली, वरून ग्रीस लावले आणि भोक साफ केले. ६५० रुपये घेतले. आम्ही अधिक देऊ लागलो तर म्हणाला, "अर्थिंगचं काम हाय सर, त्यात काय हाय?"

संध्याकाळी आईला फोन केला. बकुळीचे सांगावे की नाही याविषयी आमच्यात मतभेद होता. ती लगेच फांद्या तोडायला माणूस बोलावील अशी एकाला भीती. पण या प्रकरणात लपवाछपवी पुरेशी झाली होती. पंख्याचेही सांगितले. तिचे बरोबर होते, आमचे चुकले, हेही. त्या दोन महिन्यांसकट.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "नाथांचा गळा दुखत होता, आणि मुळी निघाली आळंदीच्या अजानवृक्षाची. तशातली गत."

आळंदीच्या समाधीत ज्ञानदेवांच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली, तिची वेदना पैठणला एकनाथांच्या गळ्यात उमटली, आणि ती सोडवायला नाथ आळंदीस गेले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला. आपल्या भाषेतल्या पाठचिकित्सेचा आरंभ आम्ही वर्गात तिथूनच सांगतो. कथा मात्र सांगत नाही. ती दंतकथा म्हणून वगळतो.

"बकुळ तोडायची नाही हो," आई पुढे म्हणाली. "तुम्ही गाडी गडग्याबाहेर लावा."

डिसेंबरच्या इंजेक्शनासाठी तिला आणायला गेलो तेव्हा गाडी गडग्याबाहेर उन्हात लावली. निघताना आई मागे न बसता पुढे बसली. घाट सुरू होईपर्यंत कुणी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "वाढवा."

काच स्वच्छ होती, हवा कोरडी होती, पंख्याची काही गरज नव्हती. आम्ही तो एक, दोन, तीन, चार असा वाढवला. आता तिला समोरचे पाहायचे तर मान थोडी तिरकी करावी लागते. मध्यभागी जे नाहीसे झाले आहे त्याच्या कडेने ती पाहते. तशी मान तिरकी करून ती मीटरकडे बराच वेळ पाहत राहिली. दिवे लागले नाहीत. काटा चाळिशीवर होता, तो वळणावर तिशीवर आला आणि पुन्हा चढला.

"आता कमी करा," ती म्हणाली. "वारा लागतो."